ड्रायव्हरचा पाय गेला, पालिका म्हणते 'स्वेच्छानिवृत्ती घे'. कायद्याने काय करता येईल?

युनियन_कचेरी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महानगरपालिकेतल्या सभासदाची केस आहे. पद वाहनचालक, वेतनस्तर एस-६ (१९९००–६३२००), कायम सेवा १७ वर्षे, वय ४४. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या दुचाकीवर अपघात झाला, डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सिव्हिल हॉस्पिटलच्या वैद्यकीय बोर्डाने 'वाहनचालक पदासाठी कायमस्वरूपी अपात्र' असा दाखला दिला आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अजून काढलेले नाही. शिल्लक रजा संपल्या आणि गेले पाच महिने पगार बंद आहे.

आस्थापना विभाग तोंडी तीन गोष्टी सांगतो. अपघात ड्युटीवरचा नाही, म्हणून पालिकेची जबाबदारी नाही. स्वेच्छानिवृत्ती घे, मुलाचं अनुकंपावर बघू. तेही नको असेल तर शिपाई म्हणून ये, पण पगार शिपायाचा, म्हणजे एस-१ (१५०००–४७६००). लेखी मागितलं की 'साहेब मीटिंगला गेलेत'.

दिव्यांग कायद्यात नोकरीला संरक्षण आहे एवढं माहीत आहे. नेमकं कलम कुठलं, अर्ज कुणाला, आणि दाद कुठल्या क्रमाने मागायची, हे जाणकारांनी सांगावं.

नियमावली

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम २०, पोटकलम (४). तुमची सगळी केस त्यावर उभी आहे, म्हणून मूळ मजकूर छापून जवळ ठेवा. त्यात चार गोष्टी आहेत.

सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेला सेवेतून काढता येत नाही. त्याची पदावनतीही करता येत नाही. आधीच्या पदाचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर घ्यायचं. आणि असं पदच रिकामं नसेल तर अधिसंख्य (मंजूर पदांव्यतिरिक्त खास निर्माण केलेल्या जादा) पदावर ठेवायचं, योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, जे आधी येईल तोवर. म्हणजे 'जागा नाही' हे उत्तर कायद्याने आधीच गृहीत धरून निकालात काढलेलं आहे.

आता त्यांचे तीन मुद्दे.

ड्युटीवर अपघात नाही: गैरलागू. कलमातले शब्द 'सेवेच्या काळात' दिव्यांगत्व आलं असे आहेत, 'कर्तव्य बजावताना' असे नाहीत. ड्युटीवरचा अपघात हा प्रश्न नुकसानभरपाईच्या कायद्यात येतो, आणि दोन्ही कायद्यांची सरमिसळ करणं ही आस्थापना विभागांची जुनी खोड आहे. रविवारी घरी जिन्यावरून पडला तरी २०(४) लागू. मधुमेहाने पाय गेला तरी लागू.

शिपाई पद: पद शिपायाचं चालेल, वेतन शिपायाचं चालणार नाही. एस-६ मधलं मूळ वेतन, वार्षिक वेतनवाढ, सेवाज्येष्ठतेचे लाभ, सगळं चालू राहायला हवं. पोटकलम (३) प्रमाणे केवळ दिव्यांगत्वामुळे पदोन्नतीही नाकारता येत नाही. तरी आधी समकक्ष पदं मागा: वाहन विभागात लॉगशीट आणि डिझेलचा हिशेब, भांडार, टेलिफोन, जन्म-मृत्यू नोंदणी. शिक्षणाची अट बसते का ते पाहून तीन-चार पदांची नावं अर्जात लिहाच. नुसतं 'योग्य पद द्यावे' लिहिलं की फाइल सहा टेबलं फिरते.

स्वेच्छानिवृत्ती: कशावरही सही करू नये. अनुकंपा नियुक्ती हा वारसाचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. 'मुलाचं बघू' याची किंमत शून्य.

आणि महानगरपालिका 'सरकारी आस्थापना' आहे का, यावर वेळ घालवू देऊ नका. कलम २(के) मध्ये स्थानिक प्राधिकरणं, कायद्याने स्थापन झालेली महामंडळं, सरकारी कंपन्या आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थासुद्धा येतात. महापालिका, जिल्हा परिषद, एसटी, महावितरण, अनुदानित शाळा, सगळे आत.

पाटील_साहेब

चांगली माहिती. पण ४० टक्क्यांच्या वर प्रमाणपत्र असल्याशिवाय या कायद्याचा काही उपयोग होत नाही. आधी ते काढा आणि सरळ मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जा, तिथे लवकर निकाल लागतो.

नियमावली

दोन्ही मुद्द्यांवर असहमत.

४० टक्क्यांची अट आरक्षणाला आहे (कलम ३४). २०(४) मध्ये शब्द नुसता 'दिव्यांगत्व' आहे, 'लक्षणीय दिव्यांगत्व' नाही. त्यामुळे एखाद्याला ३० टक्के मिळाले तरी 'तुम्ही कायद्यात बसत नाही' असं उत्तर देता येत नाही. या केसमध्ये तो वाद उद्भवणारही नाही, गुडघ्याखालच्या विच्छेदनाला ४० च्या वरच टक्के मिळतात.

मॅट राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे. महापालिकेच्या चालकाचा अर्ज तिथे अधिकारक्षेत्र नाही म्हणून परत येईल आणि मधले महिने फुकट जातील. पालिकेविरुद्ध उच्च न्यायालयात, अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका. पश्चिम महाराष्ट्र म्हणालात, तर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे. मुंबईची वारी टळली. पुणे जिल्हा असेल तर मात्र मुंबईच.

बारनिशी

कलमं वर आलीच आहेत, मी कागदांबद्दल लिहितो. अशा केसेस कायद्यावर कमी आणि कागदावर जास्त हरतात.

पहिली गोष्ट, दोन दाखल्यांतला फरक. बोर्डाने दिलाय तो पदासाठीच्या पात्रतेचा दाखला. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र वेगळं, ते युडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज करून, सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन मिळतं. कार्ड पांढरं म्हणजे ४० च्या आत, पिवळं म्हणजे ४० ते ७९, निळं म्हणजे ८० आणि वर. जखम भरण्याआधी गेलात तर 'तात्पुरतं' प्रमाणपत्र हातात पडतं आणि कार्यालय म्हणतं, कायमचं आणा मग बघू. विच्छेदनाच्या केसमध्ये टाके, सूज आटोपल्यावर जा, डिस्चार्ज समरी आणि एक्स-रे सोबत न्या, आणि प्रमाणपत्रावर 'कायमस्वरूपी' हा शब्द आहे का ते खिडकीवरच वाचा.

बोर्डाच्या दाखल्यातली भाषा नशिबाने चांगली आहे: 'वाहनचालक पदासाठी' अपात्र. पालिका फेरतपासणीला पाठवून 'सर्व प्रकारच्या सेवेसाठी पूर्णतः अपात्र' असं लिहून आणायचा प्रयत्न करू शकते, कारण त्यावर रुग्णता निवृत्तिवेतनाचा (वैद्यकीय कारणाने मुदतीआधी निवृत्त करून पेन्शन देण्याचा) रस्ता काढता येतो. फेरतपासणीचं पत्र आलं तर जायचंच, न गेल्यास गैरहजेरी लागते. पण जाताना बोर्डाला एक लेखी निवेदन द्या की बसून करायची कामं (लिपिकीय, नोंदी, टेलिफोन) करू शकतो का यावर स्पष्ट अभिप्राय द्यावा. बोर्डाला प्रश्नच विचारला नाही तर उत्तर येत नाही.

दुसरी गोष्ट, अर्ज. पालिका आयुक्तांच्या नावाने, प्रत उपायुक्त (आस्थापना), वाहन विभागप्रमुख आणि दिव्यांग कायद्याखालच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. बारनिशीत (आवक-जावक टेबलावर) देऊन शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोहोच घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर त्याच दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टने आणि कार्यालयाच्या ईमेलवर. मजकूर एवढा पुरे:

'मी वाहनचालक पदावर दि. … पासून कायम सेवेत आहे. दि. … रोजीच्या अपघातामुळे मला दिव्यांगत्व आले असून वैद्यकीय मंडळाने दि. … रोजी मला वाहनचालक पदासाठी अपात्र ठरवले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) नुसार मला सध्याच्या वेतनश्रेणीत व सेवालाभांसह खालीलपैकी पदावर सामावून घ्यावे: … . पद उपलब्ध नसल्यास अधिसंख्य पदावर ठेवावे. दि. … पासून रोखलेले वेतन अदा करावे. मी आजपासून योग्य ते काम करण्यास हजर व तयार आहे. मी स्वेच्छानिवृत्ती मागितलेली नाही.'

शेवटची दोन वाक्यं गाळू नका. 'हजर व तयार' नसेल तर पुढे थकीत पगाराच्या वेळी पालिका म्हणते, हा आलाच नाही, काम नाही तर वेतन नाही. जमलं तर त्या दिवशी कुबड्या घेऊन प्रत्यक्ष हजर व्हा आणि हजेरी अहवाल द्या.

तिसरी, सेवापुस्तकाची झेरॉक्स. आजच मागा. केस चिघळली की सेवापुस्तक 'सापडत नाही'.

युनियन_कचेरी

दोघांचे आभार. एक अडचण सांगायची राहिली. सभासदाने हॉस्पिटलमध्ये असताना भावाच्या सांगण्यावरून एका साध्या कागदावर 'मला सेवानिवृत्त करून माझ्या मुलास नोकरी द्यावी' असा अर्ज दिला होता. त्यावर अजून आदेश निघालेला नाही. आता काय?

दुसरं, आयुक्त म्हणजे दिव्यांग कल्याण आयुक्त, पुणे, त्यांच्याकडे जावं की थेट हायकोर्टात? आणि वकिलाचा खर्च हा विषय आहेच.

वकिलीण_कोल्हापूर

तो अर्ज उद्याच्या उद्या लेखी मागे घ्या. सेवानिवृत्तीची विनंती अमलात येण्यापूर्वी मागे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने बलराम गुप्ता विरुद्ध भारत सरकार (१९८७) मध्ये मान्य केलं आहे. मागे घेण्याच्या पत्रात कारण लिहा: रुग्णालयात होतो, कलम २०(४) च्या हक्काची माहिती नव्हती, प्रशासनाने दिली नाही.

आदेश निघाला असता तरी सगळं संपलं नसतं. भगवान दास विरुद्ध पंजाब राज्य विद्युत मंडळ (२००८) ही केस वकिलाला दाखवा. तिथे दृष्टी गेलेल्या कर्मचाऱ्याने अगदी असाच अर्ज केला होता, मला निवृत्त करा आणि पत्नीला नोकरी द्या. न्यायालयाने म्हटलं की कायद्याने मिळालेलं संरक्षण त्याला माहीत नव्हतं आणि ते सांगणं अधिकाऱ्यांचं काम होतं. त्याला सेवेत मानलं गेलं. पाय गेलेल्यांसाठी कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार (२००३) आहे. त्यात रुग्णता निवृत्तिवेतन देऊ केलं म्हणून संरक्षण संपत नाही असं ठरलं. दोन्ही निकाल १९९५ च्या जुन्या कायद्याच्या कलम ४७ वरचे आहेत. २०१६ चं २०(४) त्याचाच वारस, म्हणून ते आजही वापरतात.

दाद कुठे मागायची. कायद्यातली पहिली पायरी कलम २३: पालिकेने तक्रार निवारण अधिकारी नेमायलाच हवा, आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी हा अधिकारी कोण, हेच कुणाला माहीत नसतं. तरी तक्रार द्या. हायकोर्टात पहिला प्रश्न हाच येतो की आधी कुठे दाद मागितली होती.

दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे स्वतः जाऊन बाजू मांडता येते, वकील लागत नाही. साक्षीदार बोलावणे, कागद मागवणे याबाबत त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पण शेवटी हातात येते ती शिफारस. कलम ८१ प्रमाणे पालिकेने तीन महिन्यांत कार्यवाही करून कळवायचं, किंवा शिफारस का मान्य नाही याची कारणं द्यायची. आणि आयुक्त स्थगिती देऊ शकत नाहीत. जुन्या कायद्याखालच्या आयुक्तांना असा अंतरिम आदेश देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँक ऑफ पटियाला विरुद्ध विनेशकुमार भसीन (२०१०) मध्ये सांगितलं. म्हणून माझा हिशेब असा: नुसता पगार अडला आहे आणि पालिका बोलायला तयार आहे, तर आयुक्त. सेवामुक्तीचा आदेश निघाला किंवा निघण्याच्या बेतात आहे, तर थेट रिट. दोन्हीकडे एकाच वेळी तेच मागू नका. आयुक्तांकडे अर्ज प्रलंबित असेल तर याचिकेत ते स्पष्ट लिहा. लपवलं तर विरुद्ध वकील पहिल्याच तारखेला तेच काढतो.

याचिकेत मागण्या सुट्या लिहा: समकक्ष किंवा अधिसंख्य पद, वेतन संरक्षण, थकीत वेतन व्याजासह, आणि निकाल लागेपर्यंत दरमहा वेतन. शेवटची अंतरिम मागणी विसरली जाते, आणि घर चालतं ते तिच्यावर.

खर्चाचं: विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, ते हायकोर्टाच्या समितीकडे पाठवतात. फोन १५१००. प्रमाणपत्र लवकर काढायचं आणखी एक कारण हे.

बारनिशी

माहिती अधिकाराचा अर्ज लगेच टाका, याचिकेला तोच दारूगोळा. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. हे नियम मोडले की अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं, म्हणून तीन वेगळे अर्ज करा:

एक, एस-६ आणि त्याखालच्या वेतनस्तरांतली मंजूर, भरलेली, रिक्त पदं. दोन, गेल्या दहा वर्षांत वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरलेल्या चालकांपैकी किती जणांना दुसऱ्या पदावर सामावलं, त्यांच्या आदेशांच्या प्रती (नावं झाकून चालतील). तीन, कलम २१ खालचं समान संधी धोरण आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नेमणुकीचा आदेश.

३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टँप. दुसऱ्या अर्जाचं उत्तर सर्वांत कामाचं. आधी दोघा-तिघांना सामावून घेतलेलं असेल तर याच माणसाला नाही का, याचं उत्तर पालिकेला देता येत नाही.

आगार_क्रमांक_३

थोडं अवांतर. एसटीत चालकांना रंगांधळेपणा निघाला की हाच प्रश्न येतो. त्यांनाही २०(४)?

नियमावली

तिथे जपून. कायद्याच्या परिशिष्टातल्या २१ प्रकारांत रंगांधळेपणा नाही, त्यामुळे नुसतं २०(४) लिहून भागत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणा परिवहन महामंडळाच्या रंगांधळ्या चालकाला पर्यायी काम आणि २५ टक्के थकबाकी दिली, पण त्याचा मुख्य आधार महामंडळ आणि युनियन यांच्यातला जुना करार होता. म्हणून आधी तुमच्या करारांमध्ये आणि परिपत्रकांमध्ये पर्यायी नोकरीचं कलम शोधा.

क्षितिज_आयटी

खासगी कंपनीत असेल तर?

वकिलीण_कोल्हापूर

२०(४) खासगीला लागू नाही, हे आधीच सांगते. वापरता येतं ते कलम ३: दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येत नाही, केलाच तर तो योग्य उद्दिष्टासाठी आणि प्रमाणात होता हे दाखवावं लागतं. आणि कलम २१, समान संधी धोरण, जे खासगी आस्थापनेलाही बंधनकारक आहे. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात संपर्क अधिकारी, लागणाऱ्या सोयी, बदली-नेमणुकीतलं प्राधान्य हे सगळं लिहावं लागतं. एचआरला ईमेलने धोरणाची प्रत मागा आणि कुठला बदल हवा ते नेमकं सांगा: तळमजल्यावर जागा, स्क्रीन रीडर, आठवड्यातले अमुक दिवस घरून काम. नुसतं 'सहकार्य करा' लिहिलं तर नकारही मोघम येतो आणि तो पुढे कुठे दाखवता येत नाही. कायदा मोडल्याचा दंड पहिल्यांदा १० हजारांपर्यंत, पुढच्या वेळी ५० हजार ते ५ लाख (कलम ८९). रक्कम मोठी नाही, पण आयुक्तांची नोटीस आली की मोठ्या कंपन्या बोलायला बसतात.

चारचौघांत मुद्दाम अपमान केला, दमदाटी केली तर कलम ९२, सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा. हे पालिकेलाही लागू. फक्त साक्षीदार असतील तरच काढा. नोकरी वाचवायच्या अर्जात ते घुसडलं की मूळ मागणी बाजूला पडते आणि चौकशी 'कोण काय बोललं' यावर सुरू होते.

युनियन_कचेरी

निवृत्तीची विनंती मागे घेतल्याचं पत्र आज बारनिशीत दिलं, आवक क्रमांकासह पोहोच मिळाली. २०(४) चा अर्ज सोमवारी देतो, त्यात टेलिफोन, भांडार आणि जन्म-मृत्यू विभाग लिहिले आहेत. सभासद बारावी पास आहे, टायपिंग नाही.

बारनिशी

मग लिपिक पद लिहू नका, टायपिंगच्या अटीचा मुद्दा धरून अर्ज परत येईल. भांडार आणि टेलिफोन पुढे ठेवा. सोमवारी अर्ज देताना विनंती मागे घेतलेल्या पत्राची प्रत सोबत जोडा आणि तिचा आवक क्रमांक अर्जाच्या मजकुरातच टाका. नाहीतर हॉस्पिटलमधला तो जुना कागद एका फाइलमध्ये आणि हे पत्र दुसऱ्याच फाइलमध्ये राहतं, आणि आदेश जुन्यावर निघतो.